घराशेजारी एकच जर्दाळू: रोप निवडण्यापासून पहिल्या फळापर्यंत

तुम्ही विचारलं आहे ते थोडक्यात असं: घरामागच्या मोकळ्या जागेत जर्दाळूचं एकच झाड लावायचं आहे. नर्सरीत दोन पर्याय दाखवले. एक कुंडीतलं, तीन-चार वर्षांचं, माणसाच्या उंचीचं, फांद्यांनी भरलेलं झाड. दुसरी उघड्या मुळांची, कमरेच्या वर येणारी, एकही पान नसलेली काडी. यातलं काय घ्यावं, खड्डा केवढा करावा आणि त्यात खत काय घालावं, एकट्या झाडाला फळ धरेल का, आणि फळ दिसायला किती वर्षं लागतील.

काडी घ्या. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण मोठ्या झाडाचा मोह जबर असतो. मात्र नर्सरीत परत जाण्याआधी घरामागची ती जागा नीट तपासा. जर्दाळू जगणार की जाणार हे जमीन ठरवते आणि फळ देणार की नाही हे हवा ठरवते. म्हणून जमीन बघून खुंट, म्हणजे कलमाचा मुळाकडचा भाग, निवडायचा आणि हवा बघून वाण. खड्डा, खत, पाणी हे सगळं त्यानंतर.

तुर्कस्तानातला मलात्या, काराकोरम पर्वतातलं हुंझाचं खोरं, लडाख, असे जर्दाळूसाठी नावाजलेले प्रदेश बघितले तर एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते: हिवाळा कडक, उन्हाळा कोरडा, पाऊस तुटपुंजा. विश्रांतीत गेलेलं झाड उणे वीस-पंचवीस अंशांची थंडी सोसतं. त्याला सोसत नाही ते मुळाशी थांबलेलं पाणी. मुळांना हवा मिळेनाशी झाली की ती गुदमरतात, कमजोर झालेल्या मुळांत फायटोप्थोरा हा मुळं कुजवणारा रोग शिरतो, खोडाच्या तळाशी साल काळपट पडते आणि ऐन उन्हाळ्यात भरल्या पानांचं झाड बघता बघता वाळून जातं. पानं मलूल दिसली की पाणी कमी पडलं असं वाटतं, माणूस आणखी पाणी घालतो आणि उरलेली मुळंही जातात.

तेव्हा पहिलं काम निचरा पाहण्याचं. जिथं झाड लावायचं आहे तिथंच फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खड्डा खणा. खणताना खालच्या मातीकडे लक्ष द्या. ती राखाडी-निळसर असेल, तिच्यावर गंजासारखे ठिपके असतील किंवा तिला कुबट वास येत असेल तर तिथं वर्षातला बराच काळ पाणी थांबतं हे तिथंच कळलं. एरवी खड्डा पाण्यानं भरा. पहिलं पाणी कोरडी माती पिऊन टाकते, त्यावरून काही समजत नाही. ते जिरलं की दुसऱ्यांदा काठोकाठ भरा, खड्ड्यावर आडवी काठी ठेवा आणि काठीपासून पाणी किती उतरतं ते मोजा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त उतरत असेल तर काळजी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तळाला पाणी दिसलं तर त्या जागी सपाटीला जर्दाळू लावूच नका. दुसरी जागा बघा, नाहीतर वरच्या थरातली माती ओढून फूट-दीड फूट उंच आणि पाच फूट तरी रुंद असा उंचवटा करा आणि झाड त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी टाकून निचरा सुधारतो असं अनेक जण सांगतात. तसं होत नाही. भोवतीची माती चिकण असेल तर पाणी खडीतही साचूनच राहतं, कारण त्याला बाहेर जायला वाटच नसते.

जागेच्या बाबतीत आणखी दोन-तीन गोष्टी. दिवसाला सहा ते आठ तास थेट ऊन हवं. थंड हवा जड असते, ती रात्री उतरून खोलगट भागात साचते, म्हणून अंगणात उतार असेल तर सगळ्यात खालची जागा टाळा. ऊन खाणाऱ्या भिंतीचा आडोसा चांगला वाटतो, आणि फळ पिकायला त्याची मदत होतेही. पण भिंतीच्या उबेनं झाड आणखी लवकर फुलतं, आणि लवकर फुलणं ही जर्दाळूची मूळची अडचण आहे. जिथं वसंतातही दहिवर गोठतं तिथं मी झाड भिंतीपासून दूर, मोकळ्या हवेत लावीन. त्याच जागी आधी पीच, आलुबुखार, चेरी किंवा जर्दाळूच वाळून गेला असेल तर तिथं पुन्हा याच कुळातलं झाड लावू नका. त्या मातीत नवी मुळं नीट धरत नाहीत. टोमॅटो, बटाटा, वांगी, मिरची यांचे वाफे होते तिथंही नको. या पिकांवरचा व्हर्टिसिलियम मर रोग मातीत वर्षानुवर्षं टिकतो आणि जर्दाळू त्याला चटकन बळी पडतो.

आता हवा. जर्दाळूच्या कळ्या शरद ऋतूत झोपी जातात आणि ठरावीक थंडी मिळाल्याशिवाय जाग्या होत नाहीत. ही थंडी तासांत मोजतात. ढोबळ हिशोब असा, की तापमान शून्य ते सात अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहिलं ते तास धरायचे. गोल्ड किस्ट आणि कॅटी या वाणांना साधारण ३०० तास पुरतात. ब्लेनहाइमला ४०० ते ५०० लागतात. मूरपार्क, टिल्टन यांना त्याहून जास्त हवे, आणि कडक हिवाळ्याच्या प्रदेशांतले कित्येक वाण ८०० ते १००० तासांच्या घरातले आहेत. थंडी पुरी मिळाली नाही तर कळ्या न उमलताच गळतात, पानं उशिरा आणि तुटक तुटक फुटतात, एक फांदी हिरवी तर शेजारची उघडी असं दिसतं. म्हणून स्पष्टच सांगतो: जिथं हिवाळ्याच्या रात्रीही तापमान क्वचितच सात अंशांखाली जातं तिथं हे झाड फार तर पानं देईल. फळाच्या आशेनं तिथं ते लावू नका.

याची उलटी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. कमी थंडीत भागणारा वाण कडक हिवाळ्याच्या जागी लावला तर त्याची थंडीची गरज हिवाळ्याच्या मध्यावरच पुरी होते. त्यानंतर चार दिवस ऊब मिळाली की तो फुलून मोकळा, आणि मागून कडाक्याची रात्र येते. जर्दाळू तसाही घाईचा. बदामाच्या मागोमाग, पीचच्या आधी, पानं यायच्या आतच तो फुलतो. मिटलेली कळी बरीच थंडी सोसते. पूर्ण उमललेलं फूल उणे दोन-तीन अंशांना मरायला लागतं आणि नुकतंच धरलेलं हिरवं फळ त्याहूनही आधी. फूल मेलं की नाही ते दुसऱ्या दिवशी पाकळ्यांवरून कळत नाही. फूल मधोमध उभं चिरून बघा. आतला स्त्रीकेसर काळा पडलेला असेल तर ते फूल गेलं. ‘झाड छान आहे, दरवर्षी फुलतं, पण फळ धरत नाही’ ही जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. तेव्हा नर्सरीत ‘कोणता गोड?’ हे विचारण्याआधी ‘याला थंडीचे तास किती लागतात आणि हा फुलतो कधी?’ हे विचारा. वसंत लहरी असलेल्या भागात उशिरा फुलणारा वाण घ्यावा. फ्रान्समधला बर्जेरॉन त्याच गुणासाठी ओळखला जातो.

एकट्या झाडाचा प्रश्न वाणावरच अवलंबून आहे. युरोप-अमेरिकेत घरगुती बागेसाठी विकले जाणारे बरेचसे जुने वाण स्वतःच्याच परागावर फळ धरतात. ब्लेनहाइम, मूरपार्क, टिल्टन यांचं एकच झाड चालतं. मध्य आशियातल्या अनेक वाणांना मात्र जवळ दुसऱ्या वाणाचा जर्दाळू लागतो, आणि पर्फेक्शनसारख्या काही पाश्चात्त्य वाणांनाही. तुम्हाला एकच झाड लावायचं आहे, तर ‘हा स्वफलित आहे का?’ हे नक्की करून घ्या. दुकानदार नुसतंच ‘हो’ म्हणाला तर वाणाचं नाव लिहून घ्या आणि स्वतः पडताळा. ज्या रोपाचं वाणनाव विकणाऱ्यालाच सांगता येत नाही ते कितीही टवटवीत दिसलं तरी मी घेणार नाही.

वाणाइतकाच महत्त्वाचा खुंट, आणि त्याबद्दल जवळजवळ कुणीच विचारत नाही. तुम्ही विकत घेता ते झाड मुळात दोन झाडांचं असतं: खाली खुंट, वर डोळा भरून वाढवलेला वाण. जमिनीशी गाठ खुंटाची असते. जर्दाळूच्याच बियांपासून केलेला खुंट कोरडी आणि थोडी चुनखडीची जमीन चालवून घेतो, वाणाशी त्याचं छान जुळतं, झाड मोठं आणि दीर्घायुषी होतं. ओल मात्र त्याला चालत नाही. पीचचा खुंट हलक्या, वाळूसर जमिनीत चांगला. चुनखडीच्या जमिनीत त्यावरच्या झाडाची पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि पाण्याला तो सगळ्यांत हळवा. भारी, ओल धरणाऱ्या जमिनीत आलुबुखाराच्या कुळातले खुंट बरे. मायरोबलान आणि सेंट ज्युलियन ए ही नावं तुम्हाला चिठ्ठीवर दिसतील. सेंट ज्युलियन एवरचं झाड आटोपशीर राहतं, म्हणून छोट्या अंगणाला सोयीचं. मायरोबलानशी काही वाणांचं नीट जमत नाही. वरून सगळं ठीक दिसतं, झाड वाढतं, फळतं, आणि काही वर्षांनी एखाद्या वादळात कलमाच्या जोडावर कापल्यासारखं सपाट मोडतं. त्यामुळं मायरोबलानवरचं रोप घेणार असाल तर तो वाण त्या खुंटावर चालतो याची खात्री करून घ्या.

बी पेरून झाड वाढवण्याचा विचार असेल तर ती हौस म्हणून जरूर करा. बियांचं झाड आईसारखं फळ देईलच असं नाही, आणि फळाला कलमापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. बियांच्या झाडाच्या फळातल्या बीचा आतला गर कडू निघाला तर तो खाऊ नका. त्यातल्या अमिग्डालिन या द्रव्यापासून सायनाइड तयार होतं.

कुंडीतलं मोठं झाड मी का नको म्हणतो ते सांगतो. तीन-चार वर्षं कुंडीत काढलेल्या झाडाची मुळं कडेला अडून गोल गोल फिरलेली असतात. जमिनीत लावल्यावरही मोठी मुळं तोच फेरा धरून राहतात, जाड होत जातात आणि एकमेकांना आवळतात. वरचा पसारा मोठा, खाली मुळांचा गठ्ठा लहान. पहिल्या उन्हाळ्यात असं झाड जेमतेम तग धरतं. शिवाय त्याच्या फांद्यांची मांडणी नर्सरीत जागा मिळेल तशी झालेली असते, ती तुम्हाला बदलता येत नाही. एक वर्षाची काडी पहिल्या हंगामापासून तुमच्याच मातीत मुळं सोडते, आणि दोन-तीन वर्षांत त्या मोठ्या झाडाला गाठते. उघड्या मुळांच्या रोपाचा आणखी एक फायदा म्हणजे तुम्ही नेमकं काय विकत घेताय ते डोळ्यांसमोर असतं.

ते असं बघा. काडी अंगठ्याएवढी जाड असली की पुरे, त्याहून उंच आणि जाड हवी असा अट्टहास नको. सालीवर नखानं अगदी बारीक ओरखडा काढा. आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे. तपकिरी, कोरडं दिसलं तर जागीच ठेवा. शेंड्याकडे आणि कलमाच्या जरा वर, दोन्ही ठिकाणी बघा, कारण शेंडा वाळला आणि खाली जीव आहे असंही असतं. मग मुळं. चारही बाजूंना पसरलेली तीन-चार दणकट मुळं आणि त्यांवर तंतुमुळांचे झुपके हवेत. एखाद्या मुळाचं टोक कात्रीनं जरासं कापून मागा. चांगली नर्सरी नाही म्हणत नाही. काप पांढरट आणि ओला असावा. तपकिरी काप म्हणजे मूळ मेलेलं. मुळांवर किंवा कलमाच्या आसपास ओबडधोबड, कठीण गाठी दिसल्या तर ते रोप कोणत्याही किमतीत नको. तो जिवाणूंमुळं होणारा क्राऊन गॉल असतो आणि तो तुमच्या जमिनीतही येतो. कलमाचा जोड स्वच्छ बुजलेला हवा. तिथून किंवा खोडातून डिंक गळत असेल, साल खचलेली असेल, तर पुढचं रोप बघा. आणि विषाणुमुक्त म्हणून प्रमाणित केलेलं रोप मिळत असेल तर तेच घ्या. शार्का नावाचा, माव्यामार्फत पसरणारा विषाणू एकदा झाडात आला की त्यावर औषध नाही, झाड काढूनच टाकावं लागतं.

उघड्या मुळांची रोपं पानगळ झाल्यापासून कळ्या फुगेपर्यंतच लावतात. तुमच्याकडे हिवाळ्यात जमीन दगडासारखी गोठत असेल तर हिवाळा सरताना, नाहीतर पानगळीनंतर लगेच. घरी आणताना मुळं ओल्या गोणपाटात गुंडाळून, वरून प्लास्टिक बांधून आणा. ऊन-वाऱ्यात दहा-पंधरा मिनिटं उघडी राहिलेली तंतुमुळं गेली म्हणून समजा. त्याच दिवशी लावणं जमणार नसेल तर सावलीत एक चर खणून रोप तिरकं ठेवा आणि मुळं ओल्या मातीनं झाकून टाका. लावण्याआधी मुळं बादलीत दोन-चार तास भिजू द्या. फार तर रात्रभर. त्याहून जास्त नाही, पाण्यातही ती गुदमरतातच.

माती वाफशावर असतानाच खड्डा करा. चिखलात कुदळ मारली तर चिकण मातीत खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत होतात आणि मुळं त्या भेदत नाहीत. तशा झाल्याच तर पहारीनं खरवडून घ्या. खड्डा रुंद हवा, खोल नको. अडीच-तीन फूट रुंद आणि मुळं मावतील एवढाच खोल. खाली खोलवर भुसभुशीत केलं की पहिल्या पावसात माती दबते आणि झाड खाली जातं, कलम मातीत गाडलं जातं. खत खड्ड्यात घालू नका. ताजं शेणखत कोवळी मुळं जाळतं. कुजलेलं घातलं तरी भारी जमिनीत तो खड्डा बुडबंद मडक्यासारखा होतो: आत भुसभुशीत, बाहेर घट्ट, भोवतालचं पाणी सगळं त्यात येऊन थांबतं. आणि मुळं त्या मऊ मातीतच घुटमळतात, बाहेर जायला मागत नाहीत. निघालेली माती आहे तशी परत घाला. खत द्यायचंच असेल तर ते वर, आच्छादनात.

खड्ड्याच्या मधोमध मातीचा छोटा शंकू करून थोपटून घ्या. तुटलेली, चिरडलेली मुळं स्वच्छ कापून टाका, बाकीच्यांना हात लावू नका. रोप शंकूवर बसवा, मुळं सगळीकडे उतरती पसरवा, आणि खड्ड्यावर आडवी काठी ठेवून उंची बघा. जिथून मुळं फुटतात ती खोडाची जागा काठीच्या पातळीपेक्षा दोन बोटं वर यायला हवी, कारण माती बसते. कलमाचा जोड त्याच्याही वर, किमान चार बोटं उघडा. या एका मोजमापात मी कधीच सूट देत नाही. कलम मातीत गेलं तर वाणालाच मुळं फुटतात, खुंटाचा उपयोग संपतो, आणि ओलीत राहिलेली साल कुजते. कलमाच्या जागी काडीला किंचित बाक असतो, त्याची आतली बाजू दुपारच्या उन्हाकडे येणार नाही असं फिरवा. मग थोडी थोडी माती घालत जा, रोप हलकेच हलवा म्हणजे माती मुळांच्या फटींत उतरेल, आणि हातानं दाबा. बुटाच्या टाचेनं ठोकू नका. अर्ध्यात एक बादली पाणी, ते जिरलं की उरलेली माती, मग कडेनं आळं करून आणखी एक-दोन बादल्या. नर्सरीची तारेची चिठ्ठी खोडावर असेल तर आत्ताच काढा. विसरलेली तार दोन वर्षांत सालीत रुतते.

आधाराची काठी वारा फार असेल तरच लावा, आणि तीही बुटकी. खोड जरा हलतं राहिलं की तळाशी जाड होतं. आच्छादन म्हणून पालापाचोळा, पेंढा किंवा लाकडाचा चुरा तीन-चार बोटं जाड घाला, पण खोडाभोवतीची वीतभर जागा मोकळी सोडा. खोडाला पांढरा रंग द्यायला विसरू नका. घरात भिंतीला देतात तो पाण्यातला रंग, त्यात तेवढंच पाणी, आणि मातीपासून पहिल्या फांदीपर्यंत त्याचा एक थर. कोवळ्या सालीवर तिरपं ऊन पडून ती एका बाजूनं भाजते, चिरते, आणि त्या चिरेतूनच खोडकिडा आणि रोग शिरतात.

आता सगळ्यांना जड जाणारं काम. कळ्या फुगायला लागल्या की सलग दोन-तीन कोरडे दिवस बघून काडी गुडघ्याच्या जरा वर, म्हणजे जमिनीपासून साधारण दोन ते अडीच फुटांवर कापा. रोप उपटताना त्याची बरीचशी मुळं नर्सरीतच राहिलेली असतात. उरलेली मुळं सगळी उंची पोसू शकत नाहीत. कापल्यानंतर खालचे डोळे जोमानं फुटतात. वीतभर वाढल्यावर त्यांतल्या तीन-चार फांद्या निवडा, वेगवेगळ्या दिशांच्या आणि खोडावर एकाच ठिकाणी नाही तर वर-खाली फुटलेल्या. बाकीच्यांचे शेंडे खुडा. फांदी खोडाला बिलगून सरळ वर जात असेल तर फांदी आणि खोड यांच्या बेचक्यात कपड्यांचा चिमटा लावून तिला बाहेर ढकला. कोवळी असताना ती सहज वळते, आणि रुंद बेचकं पुढं फळांच्या ओझ्यानं फाटत नाही. कलमाच्या खालून आलेली फूट खुंटाची, ती दिसताक्षणी ओढून काढा. नुसती कापली तर पुन्हा फुटते.

पहिल्या वर्षी पावसाचा आधार नसेल तर आठवड्याला दहा ते वीस लिटर पाणी एकदम, सावकाश द्या. रोज शिंपडू नका. द्यायच्या आधी बोट मातीत खुपसा. दोन पेरं खाली ओल लागली तर त्या दिवशी थांबा. खत पहिली वीतभर वाढ दिसेपर्यंत काहीच नको, त्यानंतर थोडं कुजलेलं खत पुरतं, आणि उन्हाळ्याच्या मध्यानंतर नत्र अजिबात नको. उशिरा आलेली कोवळी फूट हिवाळ्यात टिकत नाही.

पुढच्या वर्षांतली छाटणी मात्र हिवाळ्यात करू नका. सफरचंदाची सवय असलेली माणसं इथं फसतात. युटायपा नावाची बुरशी पावसाळी, दमट हवेत ताज्या कापातून शिरते आणि फांदीमागून फांदी वाळवत जाते. त्याचा पत्ता कधी कधी दोन-तीन वर्षांनी लागतो. म्हणून फळं उतरल्यावर, उन्हाळ्यातच, पुढचे काही आठवडे पाऊस नाही असं बघून छाटा. फवारणीतही एक पथ्य आहे: जर्दाळूला गंधक सोसत नाही, पानं भाजतात आणि गळतात. इतर फळझाडांवर चालणारं गंधकयुक्त बुरशीनाशक याच्यावर मारू नका.

फळाचं सांगतो. कलमी झाडाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी पहिली मोजकी फळं येतात, आणि भरपूर धरायला सहा-सात वर्षं लागतात. पहिल्या दोन वर्षांत चुकून फळं धरली तर ती सुपारीएवढी होण्याआधीच काढून टाका. ती ताकद मुळांना हवी असते. पुढंही बहर जोरात आला तर विरळणी करा, दोन फळांत तीन-चार बोटं अंतर ठेवा, नाहीतर फळं बारीक राहतात, फांद्या मोडतात आणि पुढच्या वर्षीचा बहर मारला जातो. जर्दाळू मागच्या वर्षीच्या काडीवर आणि छोट्या, अल्पायुषी फळफांद्यांवर फळतो, म्हणून दरवर्षी थोडी नवी काडी येत राहील इतपतच छाटणी करायची.

झाड हात पुरेल एवढंच, आठ-दहा फुटांचं ठेवलंत तर एकट्या झाडाला मोठा फायदा मिळतो. फुलोऱ्यात गोठवणाऱ्या रात्रीचा अंदाज आला तर संध्याकाळी, जमिनीत ऊब असेपर्यंत, त्यावर जमिनीपर्यंत टेकेल अशी चादर किंवा बागेचं पांढरं कापड टाका. प्लास्टिक नको, ते फुलांना टेकलं तर तिथली फुलं आधी गोठतात. त्या दिवशी दुपारी झाडाखालची जमीन ओली करून ठेवा आणि तिच्यावरचं पालापाचोळ्याचं आच्छादन बाजूला सारा. उघडी, ओली जमीन दिवसाचं ऊन धरते आणि रात्री सोडते. सकाळी तापमान शून्याच्या वर गेलं की कापड काढा, मधमाश्या कामाला यायच्या आत.